शेवटच्या खोलीपर्यंत ऊब

ऑक्टोबर अर्धा सरला की आमच्या जर्मनीतल्या, बॉबलिंगेनच्या घरात एका सकाळी रेडिएटरच्या पोटात गुरगुरतं. उन्हाळाभर मुकं बसलेलं लोखंड ते. आधी कुठेतरी टक्क असा आवाज होतो, मग पाणी सरकल्याची खळखळ, आणि मग तापलेल्या धुळीचा एक जुनाट वास खोलीभर पसरतो. बाहेर मेपलची पानं ओल्या फुटपाथला चिकटून बसलेली असतात आणि खालच्या मजल्यावरच्या आजी झाडू घेऊन ती एकेक सोडवत असतात, कारण या आठवड्याची झाडण्याची पाळी त्यांची असते. या दिवसांना कवी लोक काय म्हणतात मला ठाऊक नाही. आमच्या जिन्यातल्या नोटीसबोर्डावर त्यांचं नाव 'तापवण्याचा काळ' असं आहे, त्याखाली तारीख आणि त्याखाली घरमालकाची सही. ऋतूलाही सही लागणारा देश आहे हा.

मी त्रेपन्न वर्षांचा आहे. या वयात ऋतू डोळ्यांपेक्षा गुडघ्यांना आधी कळतात. इथे नवीन होतो तेव्हा हिवाळा आला की मी बर्फाचे फोटो काढून पुण्याच्या मित्रांना पाठवायचो. आता पहिला विचार येतो तो हातमोज्यांच्या जोडीतला दुसरा कुठे गेला हा. नुसतं कॅलेंडर बघूनच दमल्यासारखं होतं.

ज्या खोलीत बसून मी ही गुरगुर ऐकतो ती नऊ चौरस मीटरची आहे. तिच्यात माझं टेबल, दोन मॉनिटर, फिरती खुर्ची आणि भिंतीला टेकवलेला घडीचा पलंग. तरी घरात हिचं नाव अजून 'आप्पांची खोली' असंच आहे. आप्पा म्हणजे माझे सासरे, माधवीचे वडील. कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट होते. किती वर्षं नोकरी केलीत, असं विचारलं तर 'चौतीस हंगाम' म्हणतात. गेल्या हिवाळ्यात आप्पा इथे आले नाहीत. आले नाहीत म्हणजे, खरं सांगायचं तर, आम्हीच 'या' असं नीट म्हणालो नाही. झोपवणार कुठे?

ही आठवण त्याच्या आदल्या हिवाळ्याची.

त्या वर्षी गॅस भलताच महागला होता आणि सगळा जर्मनी एकदम माझ्या आजोबांसारखा वागायला लागला होता. दिवा घालवा, दार लोटा, नळ बंद करा. आमच्या ऑफिसातल्या बेसिनचं गरम पाणी गेलं. कॉरिडॉरमधले रेडिएटर गार पडले. माणसं कॉफी पिण्यासाठी कमी आणि कप धरण्यासाठी जास्त घ्यायला लागली. आमची कंपनी गाड्यांची सॉफ्टवेअर लिहिते, आणि तेव्हा ती एका जुन्या, तीन मजली, भाड्याच्या इमारतीत होती. एके दिवशी आमच्या शाखाप्रमुख फ्राऊ लिंडनर यांनी मला बोलावून घेतलं.

"आल्झो, तर मग," त्या म्हणाल्या, "तुम्ही मूळचे मेकॅनिकल इंजिनिअर ना?"

मी 'हो' म्हणालो. तीच चूक. चार वर्षं पुण्यात थर्मोडायनॅमिक्स शिकून पुढची तीसेक वर्षं मी फक्त कीबोर्ड बडवलाय. पण डिग्री ही अशी गोष्ट आहे की ती आपल्याला विसरली तरी कंपनी तिला विसरत नाही.

"मग इमारतीची हायझुंग आजपासून तुमच्याकडे."

हायझुंग म्हणजे इमारत तापवण्याची सगळी यंत्रणा. पुढचं त्यांनी शांतपणे सांगितलं. वरून निरोप होता की फेब्रुवारीअखेर गॅसचा वापर एक पंचमांशाने खाली आला नाही, तर ही इमारत सोडून द्यायची आणि सगळ्यांनी कायमचं घरून काम करायचं.

माझे सहकारी खूश झाले. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा माधवीचं लाटणं थांबलं.

"घरून म्हणजे कुठून?"

"घरून म्हणजे घरातूनच."

"ते कळलं रे. कुठल्या खोलीतून?"

हॉलमधल्या जेवणाच्या टेबलावर तिचं स्वतःचं ऑफिस चालतं. एक खोली आमची. एक इराची, म्हणजे आमच्या सोळा वर्षांच्या कन्येची, जी मराठी सगळं समजते आणि उत्तर जर्मनमध्ये देते. उरली छोटी खोली. त्या खोलीत आठवड्यापूर्वीच आप्पा येऊन राहिले होते. सासूबाईंना जाऊन वर्ष झालं होतं. व्हिसा नव्वदच दिवसांचा, पण तेवढे तरी दर हिवाळ्यात आप्पांनी इथे काढावेत, रिकाम्या घरात एकट्याने बसू नये, असं माधवीने मनाशी पक्कं केलं होतं.

"इमारत राहिली पाहिजे," लाटणं माझ्यावर रोखून ती हळू आवाजात म्हणाली. "नाहीतर आप्पांची खोली गेली."

मी जोमाने कामाला लागलो. मला जोम आला की घरचे सावध होतात. मी रंगीत सूचना छापून प्रत्येक दारावर चिकटवल्या. खिशात थर्मामीटर घेऊन टेबलाटेबलांतून हिंडायला लागलो आणि एकोणीस अंशांच्या वर काही दिसलं की रेडिएटरचं गोल बटण पिळून खाली आणायला लागलो. पंधरा दिवसांत माझं नाव 'हेर एकोणीस', म्हणजे 'श्रीयुत एकोणीस', पडलं. मी आलो की लोक जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून माझ्याकडे हुतात्म्यासारखे बघायचे.

त्या बटणावर एक ते पाच आकडे असतात. आपण लोक ते पंख्याच्या रेग्युलेटरसारखं वापरतो. थंडी वाजली, कर पाच. पाचावर खोली लवकर तापते, असं मी स्वतः या देशात अकरा वर्षं मानत होतो. ती तेवढ्याच वेगाने तापते, फक्त थांबत नाही. हे मला हेर एकोणीस झाल्यावर एका पुस्तिकेत वाचून कळलं, आणि मी ते इतरांना अशा थाटात सांगत सुटलो की जणू जन्मतः मला ठाऊक होतं.

डिसेंबर संपला तरी गॅसचा आलेख जागचा हलला नाही. तळमजल्यावर लोक खिडक्या उघडून बसत, कारण तिथे भट्टी. तिसऱ्या मजल्याच्या टोकाला बोटं आखडत. तिथल्या माणसांनी टेबलाखाली विजेचे छोटे हीटर आणून ठेवले होते, आणि मी दिसलो की त्यांवर कोट टाकत. एकदा कोटाला जळका वास आला. मी काहीच न कळल्यासारखं करून पुढे गेलो. काय बोलणार? मलाही तिथे थोडा वेळ उभं राहावंसं वाटलं होतं.

ऑफिसात कोणी ऐकत नाही म्हटल्यावर माणूस घरी कडक होतो. मी घर अठरावर आणलं. मुख्य कारण तत्त्व, दुसरं कारण सराव.

आप्पा आले की आमच्या घरात व्याकरण बदलतं. एरवी माधवीचा मी 'अरे' असतो, आप्पांसमोर 'अहो' होतो. आप्पा मला 'जावईबापू' म्हणतात, आणि मी खोलीत शिरलो की ऐंशीला टेकलेले ते गृहस्थ पाय खाली घेऊन बसतात. मुलीच्या घरी मागायचं नाही, हे त्यांच्या हाडांत आहे. चहा घेणार का, असं विचारलं की "तुमी घेणार असला तर." भाजीत मीठ कमी आहे का? "छान हाय की." थंडी वाजते का? "न्हाई न्हाई. मोकळी हवा हाय." हे ते माकडटोपी, मफलर, दोन स्वेटर आणि वर माधवीची शाल अशा अवतारात सांगायचे. चेहऱ्याचा जेवढा भाग दिसायचा त्यावर पूर्ण समाधान असायचं. आणि मी, थर्मोडायनॅमिक्समध्ये डिस्टिंक्शन मिळवलेला मनुष्य, त्यावर विश्वास ठेवायचो. सोयीचं असलं की आपण पटकन विश्वास ठेवतो.

जानेवारीत एकदा त्यांनी माझा 'कारखाना' बघायची इच्छा दाखवली. म्हणजे तसं म्हणाले नाहीत. "तुमचा कारखाना लांब असंल न्हाई?" एवढंच म्हणाले. मी त्यांना घेऊन गेलो. स्वागतकक्षातल्या बाईंनी त्यांच्या स्वेटरवर 'पाहुणा' असा कागद चिकटवला. मी लिफ्टकडे हात करून सांगायला लागलो की वर आमची लॅब आहे, मीटिंग रूम आहे.

"आणि बॉयलर कुठाय?" आप्पांनी विचारलं.

कागदोपत्री मी त्या बॉयलरचा जबाबदार माणूस होतो. महिनाभर त्याच्या नावाने सूचना छापत होतो. आणि तो कुठल्या दाराआड आहे, हे मला माहीत नव्हतं.

दार तळघरात निघालं. आत हाउसमाइस्टर हेर डानेकर एका स्टुलावर बसून पाव खात होते. इमारतीची देखभाल करणारा हा साठीतला, मिशाळ, श्वाबी, म्हणजे याच मुलुखातला, माणूस. माझ्या रंगीत सूचनांचा एक गठ्ठा कोपऱ्यात होता आणि त्यावर तेलाचा डबा ठेवलेला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते जिना चुकलेल्या माणसाकडे पाहावं तसं. तेवढ्यात आप्पांनी उंबऱ्याबाहेर वाकून बूट काढले. मोजे घातलेल्या पायांनी आत गेले, बॉयलरच्या निळ्या पत्र्याला हात लावून तो छातीला लावला, आणि मग कान टेकवून ऐकत उभे राहिले.

हेर डानेकरांनी पाव खाली ठेवला. ती फरशी ते रोज स्वतः पुसत असत, आणि इतक्या वर्षांत तिथे शिरताना बूट काढणारा माणूस त्यांना भेटला नव्हता.

"हे बॉयलरवाले आहेत," मी जर्मनमध्ये म्हणालो. "साखरेच्या कारखान्यात."

"गेनाऊ," अगदी बरोबर, असं ते म्हणाले, जणू त्यांना ते आधीच कळलं होतं, आणि त्यांनी स्टूल आप्पांकडे सरकवलं.

परतताना बसमध्ये आप्पा जितकं बोलले तितकं गेल्या दहा वर्षांत माझ्याशी बोलले नव्हते. कारखान्याचा बॉयलर पेटवायचा दिवस, अग्निप्रदीपन. हंगाम सुरू व्हायच्या आधी चेअरमन सपत्नीक पूजेला बसत, नारळ फुटत, भटजी मंत्र म्हणत, पण नजर सगळ्यांची आप्पांच्या हाताकडे असे, कारण प्रत्यक्ष आग लावायची ती त्यांनी. एकदा का पेटला की चार-पाच महिने रात्रंदिवस उसाची चिपाडं खात तो धडधडायचा. आवाजात एवढासा फरक पडला तरी आप्पांची झोप उडायची, कारखान्याच्या चाळीत, दोन फर्लांगांवर. "ही म्हणायची," सासूबाईंचं नाव न घेता आप्पा म्हणाले, "की हंगामात तुमाला बायको न्हाई, बॉयलर हाय." आणि खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर उघडी झाडं, पार्क केलेल्या गाड्या, त्यांच्या काचांवर बर्फाची साय. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की या माणसाचे इतके हंगाम धगीपाशी गेलेत, आणि आता तो माझ्या अठरा अंशांत बसलाय. लक्षात आलं आणि पुढचा स्टॉप आल्यावर गेलंही.

त्यानंतर ते रोज सकाळी फिरायला जायला लागले. तळ्याला दोन फेऱ्या मारून जेवायच्या वेळेला येतात, असं माधवी कौतुकाने सांगायची. एका रात्री जेवताना इराने फोनमधून मान वर न काढता जर्मनमध्ये जाहीर केलं की आजोबा तळ्यावर जात नाहीत, ते माझ्या शाळेच्या बसने बाबाच्या ऑफिसला जातात.

"कशाला?" माधवीने आप्पांना विचारलं.

"सहज. त्यो मानूस एकटाच असतो," आप्पा म्हणाले आणि ताटात बघू लागले.

दुसऱ्या दिवशी मी मीटिंग सोडून तळघरात गेलो. दार अर्धं उघडं होतं. आत दोन स्टुलं, मध्ये खोक्यावर थर्मास. आप्पा नुसत्या सदऱ्यावर बसले होते. शाल, स्वेटर, मफलर यांची घडी शेजारी, त्यावर माकडटोपी. दोन महिन्यांत मी त्यांचे कान पहिल्यांदा पाहत होतो. चांगले मोठे आहेत. आणि ते मराठीत काहीतरी रंगवून सांगत होते, हेर डानेकर "या, या", म्हणजे 'हो, हो', करत होते, मध्येच श्वाबी बोलीत आपलं काही जोडत होते, आणि दोघंही एकाच जागी हसत होते. मी दाराबाहेर उभा राहिलो.  माझ्या सासऱ्यांना ऊब घ्यायला दोन बस स्टॉप ओलांडून परक्याच्या तळघरात जावं लागत होतं.

त्या संध्याकाळी मी आप्पांच्या खोलीचं बटण तीनावर केलं. सकाळी ते एकावर होतं. मी पुन्हा वाढवलं, पुन्हा ते खाली. "गॅस वाचाय पायजे तुमचा," एवढंच ते म्हणाले. आमची ही निःशब्द लढाई आठवडाभर चालली आणि मी हरलो. नेटाने हट्ट करायला लागणारी ताकद आजकाल माझ्यात उरत नाही, हेही खरं.

मग एका सकाळी त्यांनीच तळघरात मला विचारलं, "जावईबापू, एक बोलू का? तुमच्या बॉयलरला काई झालेलं न्हाई."

"मग?"

"वाढणं चुकतंय." त्यांनी पाईपांवर उलटा पंजा फिरवला. "लग्नाची पंगत बसलीय समजा. वाढपी दारापासनं सुरू करतोय. पहिलं धा-बारा जण ताट भरभरून बुंदी घेत्यात, टाकून देत्यात. शेवटच्या माणसाकडं येईस्तोवर पातेलं रिकामं. त्यो ओरडतोय. मग तुमी काय करताय? आचाऱ्याला सांगताय, आणखी पाड बुंदी. आचारी बिचारा घाम गाळतोय. अवो, वाढप्याचा हात आवरा की."

मी हे भाषांतर करून हेर डानेकरांना सांगितलं. पंगत या शब्दापाशी अडलो, लग्नात सगळे एका लांब रांगेत जेवायला बसतात असं म्हणालो. ते ऐकता ऐकता उठले, कपाटातून एक फाईल काढून माझ्या हातात दिली. तीत सहा वर्षांचे त्यांचे अर्ज होते. जवळचे रेडिएटर खालून आवळा म्हणजे लांबच्यांना पाणी पोहोचेल, मग बॉयलर इतका तापवावा लागणार नाही, पंपही हळू चालवता येईल. प्रत्येक अर्जाला उत्तर एकच, बाहेरची कंपनी बोलवावी लागेल, पुढच्या वर्षी बघू. दरम्यान तिसऱ्या मजल्यावरून तक्रार आली की ते बिचारे बॉयलर आणखी एक आकडा वर करत. दुसरं काय करणार?

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तुम्ही विचारलं नाही," ते म्हणाले. "तुम्ही कागद लावलेत."

पुढचे तीन आठवडे त्या इमारतीत जे झालं ते आठवलं की अजून पाठ दुखते. प्रत्येक रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यात एक टोपण असतं, त्याखाली एक स्क्रू. हेर डानेकर गुडघे टेकून किल्ली फिरवत, अर्धा आटा, पाव आटा. आप्पा वरच्या आणि खालच्या पाईपला पंजा लावून डोळे मिटत. मग अर्धा तास काहीही करायचं नाही, लोखंडाला नवी सवय लागेपर्यंत थांबायचं. मी थर्मामीटर घेऊन आकडे टिपायचो. आप्पांचा पंजा आणि माझं थर्मामीटर यांत एखाद्या अंशाचा फरक यायचा, आणि आम्ही पंज्याचं ऐकायचो. माझी भीती वेगळीच होती. हे पाहुण्यांच्या व्हिसावर आलेत, यांना काम करायची परवानगी नाही.

"ते काम करत नाहीत," हेर डानेकर गंभीरपणे म्हणाले. "ते बघतात."

तळमजल्यावर आरडाओरडा झाला, मग खिडक्या बंद झाल्या. दुसऱ्या मजल्याला काही कळलंच नाही. आणि तिसऱ्या मजल्याच्या शेवटच्या खोलीत, फेब्रुवारीच्या एका करड्या दुपारी, तिथल्या बाईंनी टेबलाखालून हीटर काढून कोटासकट माझ्या हातात दिला. हेर डानेकर खाली गेले, बॉयलरचा आकडा उतरवला. दोन दिवसांनी आणखी उतरवला. वर कोणी ओरडलं नाही. आप्पा तळघरात कान लावून ऐकत होते. "आता कसा," ते म्हणाले, "दमानं चाललाय."

महिनाअखेरीस आलेख हवा तितका खाली आला, थोडा जास्तच. त्याच आठवड्यात आप्पांचे नव्वद दिवस संपले. विमानतळावर त्यांनी मला नमस्कार करू दिला नाही, उलट हात जोडून "लई केलं तुमी" म्हणाले. गाडीत परत येताना माधवी पहिल्यांदा मोकळेपणाने हसली. खोली राहिली होती.

असं आम्हाला वाटलं. एप्रिलमध्ये फ्राऊ लिंडनरांनी सगळ्यांना बोलावून कंपनीतर्फे माझं अभिनंदन केलं, टाळ्या झाल्या, आणि त्याच श्वासात सांगितलं की इमारत सोडायची ठरली आहे. गॅसचा प्रश्न नाही, जागाच इतकी लागत नाही. मालकालाही अडचण नव्हती. इतक्या कमी खर्चात आणि सगळीकडे सारखी तापणारी इमारत म्हटल्यावर नवा भाडेकरू पंधरा दिवसांत मिळाला. त्याने हेर डानेकरांनाही ठेवून घेतलं. म्हणजे ज्याची त्याची सोय झाली. मी घरी येऊन सांगितलं. माधवीने पलंगाची घडी घातली आणि भिंतीला टेकवून ठेवला.

शेवटच्या दिवशी मी तळघरात निरोप घ्यायला गेलो. हेर डानेकरांनी वहीतलं एक पान फाडून दिलं. आप्पांनी जानेवारीत त्यांना काढून दाखवलं होतं, का इतकी घाई आहे ते समजावायला. पेन्सिलीचं चित्र होतं. एक मोठी इमारत, तिच्यावर फुली. तिच्यापासून बाण काढून एक छोटी खोली. खोलीत एक पलंग, पलंगावर टोपी घातलेला माणूस. आणि दारातून आत शिरणारं एक टेबल.

त्यांना सगळं माहीत होतं. लाटणं थांबवून माधवी हळू आवाजात बोलली होती, पण आमच्या भिंती पातळ आहेत. ज्या माणसाने चहासुद्धा मागितला नाही त्याने स्वतःच्या खोलीसाठी एका अनोळखी माणसाकडे शब्द टाकला होता, आणि मग नव्वद रेडिएटरांसमोर वाकून उभा राहिला होता. तरी टेबल आत आलंच.

गेला हिवाळा मी त्यांच्या खोलीत काम करून काढला. फोनवर आप्पा "तिकडं थंडी कशी हाय?" विचारायचे. व्हिसाचं काय झालं, हे त्यांनी विचारलं नाही. मीही विषय काढला नाही. आम्ही दोघं सभ्य माणसं.

या रविवारी सकाळी मात्र मी उठून माधवीला म्हणालो की टेबल आपल्या खोलीत, कपाट आणि पलंगाच्या मध्ये बसेल, मी मोजलंय. "दार अर्धंच उघडेल," ती म्हणाली. मी म्हणालो, आपण तरी कुठे पूर्वीसारखे... तिने मला वाक्य पूर्ण करू दिलं नाही. "तूच सांग त्यांना," म्हणाली, आणि फोन लावून, स्पीकर चालू करून माझ्या हातात दिला.

"आप्पा, तिकीट काढतोय. नोव्हेंबरचं."

"कशाला उगं. तुमचं टेबल असतंय तिथं. मी हॉलमधी पडीन, आलो तर."

"टेबल हलवलं," मी खोटं बोललो. अजून हलवायचं होतं. "खोली तुमची आहे. दर हिवाळ्याला तुमची."

 पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"माझीच म्हणताय?"

"तुमचीच."

"मग आता एक सांगतो, जावईबापू. रागवू नका." ते घसा खाकरून म्हणाले, "लई गार असतंय हो तुमचं घर."

बावीस वर्षांत सासऱ्यांनी माझ्याकडे केलेली ही पहिली तक्रार. माधवी तोंडावर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. मला, का कोण जाणे, कुणीतरी बढती दिल्यासारखं वाटलं.

"कधीपासून वाटत होतं, आप्पा?"

"पहिल्या दिवसापासनं की."